पंधरा वर्षांची गाडी, जाड इनटेक पाइप आणि आरसीचं नूतनीकरण

माझी गाडी टोयोटा कोरोला आल्टिस, १.८ लिटर पेट्रोल, पुण्यात सप्टेंबर २०१० मध्ये नोंदलेली. २०१९ मध्ये मी ती सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून तिथे अॅल्युमिनियमचा जाड पाइप आणि त्याच्या टोकाला तेल लावलेल्या कापडाचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला होता. रेस दिली की मस्त आवाज यायचा. गाडी पळायचीही चांगली, त्यामुळे इतक्या वर्षांत त्या पाइपकडे बघायचं कारण पडलं नाही.

१४ सप्टेंबर २०२५ ला आरसीची पंधरा वर्षं संपणार होती. खासगी गाडीची नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची तर फॉर्म २५ भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची आणि त्याआधी विमा, पीयूसी सगळं चालू हवं. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो, म्हणजे माझ्यासाठी जुलैच्या मध्यापासून. नेमका जुलैच्या पहिल्या आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला, आणि तिथून पुढचे दोन महिने हवा, सेन्सर आणि पेट्रोल यांचा हिशेब समजून घेण्यात गेले. शोधताना मला मराठीत या विषयावर जवळजवळ काहीच सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

८ जुलैला एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१. याचा अर्थ मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. तिथल्या माणसाने लगेच अंदाजपत्रक हातात दिलं: एअर फ्लो सेन्सर बदला, ऑक्सिजन सेन्सर बदला, मजुरी धरून चोवीस हजार. मी विचारलं, दोन्ही खराब झालेत हे कशावरून? "कोड तोच सांगतोय ना मॅडम." कोड तसं सांगत नव्हता. पी ०१७१ फक्त एवढंच म्हणतो की इंजिनच्या संगणकाला ठरावीक मर्यादेपलीकडे पेट्रोल वाढवावं लागतंय. का वाढवावं लागतंय, हे शोधायचं काम माणसाचं. हा फरक मला तेव्हा पुरता माहीत नव्हता, पण कारण न सांगता मागितलेले चोवीस हजार द्यायची माझी तयारी नव्हती.

दोन दिवसांनी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरीची तार काढून परत लावली. दिवा गेला. शनिवारी, १२ जुलैला, मी पीयूसी काढायला गेले आणि गाडी नापास झाली.

त्या नापास होण्यातून बरंच शिकायला मिळालं. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या १३ शहरांत बीएस-४ हे धुराचं मानक लागू झालं, त्यात पुणे होतं (आणि आपलं सोलापूरही), म्हणून माझी गाडी बीएस-४. अशा पेट्रोल गाडीला पीयूसीत साध्या आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यापर्यंत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतं. मग २,५०० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास रेस धरून दुसरी चाचणी होते. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये हवा. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल अगदी बेताचं. १ च्या वर म्हणजे हवा जास्त. माझा लॅम्डा आला १.०६. बाकी सगळे आकडे उत्तम. केंद्रातला मुलगा चक्रावला, "ताई, सीओ तर जवळजवळ शून्य आहे, धूर स्वच्छ आहे!" पण लीन गाडीत कार्बन मोनॉक्साइड कमीच असतो. वाढतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड, कारण धुरात जादा ऑक्सिजन असला की सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यांना मोडू शकत नाही. आणि पेट्रोल गाडीच्या पीयूसीत ते मोजलेच जात नाहीत. आपल्या शहराच्या हवेची काळजी असलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

बॅटरी काढल्यामुळे नेमकं काय झालं होतं, ते नंतर कळलं. इंजिनचा संगणक महिनोन्‌महिने शिकून ठेवलेली पेट्रोलची दुरुस्ती त्याने पुसली गेली, आणि पाटी कोरी असतानाच मी पीयूसीला गेले. तुमचा कोड कोणी असा पुसून दिला, तर लगेच पीयूसीला जाऊ नका. मूळ दोष असेल तर तो तेव्हाच सर्वांत उघडा पडतो.

मग मी नऊशे रुपयांना ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर मागवला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि फोनवर चालू आकडे दिसतात. आमच्या सिंहगड रोडवरचे फिटर काका आता साठीच्या घरात आहेत. त्यांनी माझ्या शेजारी बसून आकडे कसे वाचायचे ते शिकवलं.

या गाडीत हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे तोच एअर फ्लो सेन्सर, हॉट वायर प्रकारचा आहे. गॅरेजमध्ये त्याला 'मॅफ' म्हणतात. वाहत्या हवेत एक बारीक तार ठरावीक तापमानाला गरम ठेवलेली असते. हवा जितकी जास्त, तितकी तार गार होते आणि तिला गरम ठेवायला तितका जास्त करंट लागतो. त्या करंटवरून संगणक दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली हे काढतो आणि तिला पुरेल इतकं पेट्रोल सोडतो. शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवेमागे १ भाग पेट्रोल लागतं. मग धुरातला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो आणि संगणक दुरुस्ती करतो. ही दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलते; लाँग टर्म ट्रिम म्हणजे शिकून साठवलेली सवय. अधिक आकडा म्हणजे पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय.

पुरेशी चालवून झाल्यावर माझ्या गाडीचे आकडे २,५०० आरपीएमवर असे होते: लाँग टर्म अधिक २३, शॉर्ट टर्म अधिक ५. म्हणजे संगणक त्याच्या हिशेबापेक्षा २८ टक्के जास्त पेट्रोल ओतत होता. निरोगी गाडीत दोन्हींची बेरीज सहसा पाच-सातच्या आत खेळते.

काकांनी आधी गळती तपासली. सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठे होज फाटला असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि गाडी लीन होते. पण अशा गळतीची एक खूण असते. आयडलला ट्रिम खूप वर असते आणि रेस वाढवली की खाली येते, कारण एकूण हवेच्या मानाने गळती किरकोळ ठरते. माझ्या गाडीत उलट होतं. आयडलपेक्षा २,५०० ला ट्रिम जास्त. तरी खात्रीसाठी सहाशे रुपये देऊन धुराची चाचणी करून घेतली. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. कुठूनही आला नाही. आता संशय राहिला तो फक्त मोजमापावर.

काकांनी सेन्सर काढून उजेडात धरला. तारेवर पिवळसर चिकट थर होता. कापडी फिल्टरला लावायचं तेल जास्त झालं की हवेबरोबर उडून तारेवर बसतं, तारेची उष्णता नीट निघत नाही आणि हवा कमी मोजली जाते. मॅफसाठी मिळणाऱ्या वेगळ्या क्लीनरने फवारून सेन्सर साफ केला. त्याला बोट, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही, ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर वापरायचा नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडायचा नाही. क्लीनर साडेपाचशेचा, काकांनी मजुरी घेतली नाही. बेरीज २८ वरून २२ वर आली. फरक पडला, पण २२ अजूनही फार होतं.

तेव्हा काकांनी व्यास मोजायचा व्हर्नियर काढला. आधीच्या मालकाच्या पाइपमध्ये सेन्सर बसतो तिथला आतला व्यास ६९ मिलिमीटर भरला. ओळखीतल्या एका गृहस्थांकडे याच मॉडेलची गाडी होती, कंपनीच्या डब्यासकट. तिथे तोच व्यास ६४ भरला. पाच मिलिमीटरच, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं. ६९ भागिले ६४, त्याचा वर्ग १.१६. म्हणजे वाट सोळा टक्के मोठी. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी तेवढंच असूनही संथ वाहतं, तसं इथे हवेचं झालं. इंजिन तेवढीच हवा ओढत होतं, पण तारेवरून ती हळू जात होती, आणि तार बिचारी प्रामाणिकपणे 'हवा कमी आहे' असं कळवत होती. संगणकाकडे हवेचं कोष्टक कंपनीच्या ६४ मिलिमीटरच्या नळीसाठी आहे. पाइप बदललाय हे त्याला कळायला मार्गच नाही.

त्या गॅरेजने सेन्सर खराब ठरवला होता. सेन्सर ठीकच होता. पण सेन्सर आणि त्याच्याभोवतीची नळी मिळून एक मोजयंत्र होतं, आणि त्याचं अर्धं अंग कोणीतरी बदललं होतं. नवा सेन्सर त्याच पाइपात बसवला असता तर चोवीस हजार देऊनही लाँग टर्म ट्रिम तिथेच राहिली असती. शिवाय कंपनीच्या डब्यात सेन्सरच्या आधी हवा सरळ करायची सोय असते. या पाइपात सेन्सर वळणाला लागून होता, तिथे हवा एका बाजूला ढकलली जाते आणि आकडा आणखी डळमळतो.

इतकी वर्षं दिवा का लागला नाही, हा प्रश्न मला छळत होता. उत्तर पेट्रोल पंपावर होतं. २०२५ पर्यंत आपल्याकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सर्रास झालं. इथेनॉल जळायला कमी हवा लागते, शुद्ध इथेनॉलला साधारण ९ भाग. म्हणून ई-२० चं गणित १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, आणि हीही भर अधिक ट्रिममध्येच पडते. पाइपचे सोळा, इथेनॉलचे काही, तारेवरच्या तेलाचे काही. संगणक सगळं पोटात घालत होता, पण दुरुस्तीला मर्यादा असते. ती ओलांडली आणि दिवा लागला.

एक गोष्ट ऐकून मात्र मी हादरले. काका म्हणाले, "ताई, पेट्रोलचं तो सांभाळून घेतो. टायमिंगचं काय?" टायमिंग म्हणजे स्पार्क कोणत्या क्षणी द्यायचा ते. इंजिनवर किती भार आहे हे संगणक मॅफच्याच आकड्यावरून ठरवतो. हवा कमी दिसली की भार कमी समजतो, आणि कमी भाराला स्पार्क लवकर देतो. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये हवा जास्त असते. घाटात पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की तिथे नॉकिंगचा (मिश्रण अवेळी भडकून इंजिनला ठोके बसण्याचा) धोका, त्यात ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्तीही अशा वेळी बाजूला पडते. नॉक सेन्सर आवाज ओळखून टायमिंग मागे घेतो, म्हणून इंजिन शाबूत राहिलं. वरंधा घाटातून भर उन्हाळ्यात चार माणसं घेऊन गेले होते ते आठवलं. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो हेही तेव्हाच फोनवर बघितलं: बाहेर २७ अंश, आणि ट्रॅफिकमध्ये आत शिरणारी हवा ५८. ज्या पाइपला सगळे थंड हवेचा म्हणतात, तो सिग्नलला सर्वांत गरम हवा देत होता.

दोन मार्ग होते. एक, पाइप ठेवायचा आणि संगणकातलं मॅफचं कोष्टक नव्या व्यासाप्रमाणे बदलून घ्यायचं. हे नीट करणारे लोक आहेत, पण त्याला डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) आणि ट्यूनिंग मिळून मला परवडणार नाही असा खर्च सांगितला गेला. शिवाय आरटीओची तपासणी डोक्यावर होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. इनटेक पाइपची नोंद आरसीवर नसते हे खरं, पण बॉनेट उघडून वाद घालत बसण्यापेक्षा मूळ डबा परत आणणं मला शहाणपणाचं वाटलं.

नवा डबा, वरचं झाकण आणि रेझोनेटरचा होज मिळून अकरा हजारांच्या वर सांगत होते, तेही महिनाभर थांबून. नाना पेठेत मिळाला नाही. जुन्या बाजारात झाकण मिळालं, पण त्याचं सेन्सरचं भोक तडकलेलं. शेवटी १२ ऑगस्टला डेक्कन क्वीनने दादर गाठलं, तिथून लोकलने कुर्ला, आणि सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधलं. व्हर्नियर बरोबर नेला होता. हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन: व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण बाहेरून सारखेच दिसणारे डबे वेगवेगळ्या इंजिनांचे निघतात. पाचव्या-सहाव्या दुकानात पूर्ण डबा मिळाला, होजसकट, २,८०० रुपयांत. दुकानदाराने क्लिपासुद्धा शोधून दिल्या.

बसवायला मात्र थांबावं लागलं. त्या आठवड्यात काका आजारी, मग जोरदार पाऊस, आणि २७ ऑगस्टला गणपती. २४ तारखेच्या रविवारी काकांनी वेळ काढला. डबा, नवा कागदी फिल्टर (साडेचारशे), ब्रीदरचा होज परत मूळ जागी, थ्रॉटल बॉडी साफ. मजुरी बाराशे. मग बॅटरी काढून जुनं शिकलेलं पुसलं, कारण आता जुनी दुरुस्ती चुकीची ठरली असती. या वेळी मात्र घाई केली नाही. कात्रजमार्गे खेड शिवापूरपर्यंत एका लयीत, परत शहरात थांबत-थांबत, एकदा पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा, अशी दोन-तीन दिवस चालवली.

२,५०० आरपीएमवर आधी मॅफ सेकंदाला ५.७ ग्रॅम दाखवत होता, आता ६.६. आयडलला १.८ चे २.१ झाले. ट्रिमची बेरीज अधिक ५ वर स्थिरावली, आणि ती बहुधा ई-२० चीच. पीयूसीत लॅम्डा १.००. तो कागद हातात घेऊन मी केंद्राबाहेर बराच वेळ उभी होते. इतका आनंद एका आकड्याने होईल असं वाटलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. ज्या गाड्यांत मॅफ नसून मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, मारुतीच्या के-सिरीजसारख्या बऱ्याच इंजिनांत, तिथे फिल्टरच्या पाइपचा व्यास असा थेट नडत नाही. म्हणून मित्राच्या स्विफ्टला चालला तो पाइप आपल्याला चालेलच असं नाही. आधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघा.

कागदपत्रांचं काम त्या मानाने सरळ झालं. नव्या नंबर प्लेटची (एचएसआरपी) वेळ मी जुलैमध्येच घेऊन ठेवली होती. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर आरटीओची इतर कामं अडतात, आणि वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून सर्वांत आधी हेच उरका. वाहन पोर्टलवर फॉर्म २५, नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये, स्मार्ट कार्डचे वेगळे, आणि पाच वर्षांचा पर्यावरण कर एकत्र. मुदत उलटली तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क लागतं. कागदपत्रं फोनमध्ये आहेत म्हणून भागेल असं धरू नका. विमा, पीयूसी, आरसी, पॅन, आधार यांच्या छापील प्रती आणि चासी नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप बरोबर ठेवा.

विसर्जन उरकल्यावर ९ सप्टेंबरला, मंगळवारी, तपासणी झाली. सकाळी नऊपासून रांगेत होते, बाराच्या सुमारास नंबर आला. निरीक्षकांनी चासी आणि इंजिन नंबर ताडला, दिवे, हॉर्न, वायपर, टायर बघितले, बॉनेट उघडून एक नजर टाकली, डॅशबोर्डवर कुठला दिवा पेटलेला नाही ना ते पाहिलं. मला धडधडत होतं. "गाडी चांगली ठेवलीय," एवढंच बोलून त्यांनी सही केली.

मंजुरी पोर्टलवर चार दिवसांनी दिसली, कार्ड ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्पीड पोस्टाने आलं. वैधता १४ सप्टेंबर २०३०. सगळा खर्च, सरकारी शुल्क सोडून, साडेसहा हजारांच्या आसपास: अडॅप्टर, धुराची चाचणी, क्लीनर, डबा, फिल्टर, मजुरी. अॅल्युमिनियमचा पाइप मी विकला नाही. मॅफवाल्या दुसऱ्या कोणाच्या गाडीत तो जायला नको म्हणून काकांच्या भंगारात दिला. आता दर महिन्याला एकदा अडॅप्टर लावून २,५०० वरची ट्रिम वहीत लिहिते. डिसेंबरचा आकडा अधिक ४ आहे.